स्टेरॉइडचे औषध आणि आपली सकाळची न्याहारी

(लेखक : एक घाऊक धान्यव्यापारी, डिचोली)



स्मरणिकेसाठी आपणही चार शब्द लिहावेत, असा संपादक मंडळाचा निरोप आला तेव्हा प्रथम संकोच वाटला. मॅट्रिकपुढे माझे शिक्षण नाही, आणि आयुष्यातील चाळीसहून अधिक वर्षे तांदूळ, डाळी व कडधान्ये यांच्या पोत्यांतच गेली. बाजाराच्या तेजीमंदीवर अधिकारवाणीने लिहिणारे मजपेक्षा जाणते व्यापारी आपल्यात आहेत. तथापि गेल्या तीन वर्षांत एका औषधाने मला जे शिकविले, ते आपल्यापैकी अनेकांच्या घरी आज ना उद्या उपयोगी पडेल, असे वाटल्यावरून हे लिहिण्याचे धाडस करीत आहे.

आरंभीच सांगितलेले बरे की मी वैद्य नव्हे. पुढे जे लिहिले आहे, ते डॉक्टरांकडून व आहारतज्ज्ञ बाईंकडून ऐकलेले, आणि स्वतःच्या देहावर अनुभवलेले आहे. प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांस विचारूनच त्यातील घेण्यासारखे ते घ्यावे.

औषधाशी गाठ कशी पडली

वडिलांचे किराणा मालाचे दुकान पेडण्यास होते. मी पुढे डिचोलीस घाऊक धान्याची पेढी घातली. पोती उतरवून घेणे, माल चाळून पाहणे, मूठभर दाणे तळहातावर घेऊन फुंकर मारणे, हा आमचा नित्याचा व्यवहार. त्यात धूळ किती नाकातोंडात जाते, याचा विचार कोण करतो? इटलीतील रामाझ्झिनी नावाच्या वैद्याने इ. स. १७०० मध्ये निरनिराळ्या धंद्यांतील रोगांवर ग्रंथ लिहिला. त्यात धान्य चाळणाऱ्या व मापणाऱ्या लोकांच्या खोकल्याचे व दम लागण्याचे वर्णन आहे, असे डॉक्टरांनी मला सांगितले. म्हणजे आमचे दुखणे तीनशे वर्षांचे जुने आहे!

तीन वर्षांपूर्वी माझा कोरडा खोकला हटेना. जिना चढताना धाप लागू लागली. छातीच्या विकारांच्या तज्ज्ञांनी तपासण्या करून निदान केले की, धान्याच्या धुळीने व तीतील बुरशीने फुफ्फुसांस सूज आली आहे. गोदामात पाऊल ठेवण्यास त्यांनी मनाई केली, आणि प्रेडनिसोलोन या औषधाच्या रोज ४० मिलिग्रॅम गोळ्या सुरू केल्या. पंधरा दिवसांत श्वास मोकळा झाला. औषधाचा हा गुण मी कधीही विसरणार नाही. पुढे जी तक्रार लिहिली आहे ती वाचून कोणी या औषधाविषयी मन कलुषित करून घेऊ नये.

चार महिन्यांत माझे वजन ६६ किलोवरून ७५ किलोवर गेले. चेहरा वाटोळा झाला, पोट सुटले, मानेच्या मागे मांसल उंचवटा आला. मांड्या मात्र बारीक झाल्या. बाजारात लोक म्हणत, "शेट, अंगावर तेज आले, धंदा बरा दिसतो!" त्यांस काय उत्तर द्यावे हे सुचत नसे.

हे औषध म्हणजे काय?

आपल्या दोन्ही मूत्रपिंडांच्या माथ्यावर एकेक लहान ग्रंथी असते. तिच्यातून कॉर्टिसोल नावाचा रस रोज रक्तात मिसळतो. पहाटेपासून सकाळपर्यंत तो अधिक असतो व रात्री उतरतो. आजारपण, मार, धक्का अशा प्रसंगी देह सावरून धरण्याचे काम तो करतो. अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. हेन्च यांनी १९४८ साली याच जातीचे कॉर्टिसोन हे औषध एका संधिवाताच्या रुग्णास प्रथम दिले. अंथरुणास खिळलेली रुग्ण स्त्री थोड्याच दिवसांत चालू लागली. १९५० साली हेन्च, केंडॉल व राइकस्टाइन या तिघांस त्याबद्दल नोबेल पारितोषिक मिळाले. पुढे १९५५ च्या सुमारास प्रेडनिसोन व प्रेडनिसोलोन ही अधिक प्रभावी औषधे प्रचारात आली.

दमा, संधिवात, मूत्रपिंडाचे व आतड्यांचे काही विकार, त्वचेचे काही रोग अशा अनेक दुखण्यांत आज ही औषधे देतात. २०२० च्या जून महिन्यात ऑक्सफर्ड येथील संशोधकांनी असे दाखवून दिले की, करोनाच्या साथीत ज्यांस प्राणवायू द्यावा लागत होता, अशा रुग्णांचे प्राण डेक्सामेथासोन या स्वस्त स्टेरॉइडने वाचतात. तेव्हापासून हा शब्द घरोघर पोहोचला. व्यायामशाळांतील काही तरुण मुले शरीर फुगविण्यासाठी जे घेतात, ते निराळ्या जातीचे स्टेरॉइड. त्याचा येथे संबंध नाही.

वजन व साखर का वाढते?

देह स्वतः दिवसाकाठी जेवढा कॉर्टिसोल निर्माण करतो, त्याची बरोबरी प्रेडनिसोलोनच्या सुमारे ५ मिलिग्रॅमशी होते. मला ४० मिलिग्रॅम मिळत होते. म्हणजे देहाच्या नेहमीच्या मागणीच्या आठपट माल एकदम पेठेत उतरला! अशा वेळी सारा व्यवहार बदलणारच. तो येणेप्रमाणे :

पहिली गोष्ट, भूक अतोनात वाढते. पोट भरलेले असूनही काहीतरी खावेसे वाटत राहते. हा मनाचा दुबळेपणा नसून औषधाचा परिणाम आहे, हे घरच्या मंडळींनी ध्यानात ठेवावे. झोप कमी होणे व लवकर चिडणे हेही त्याचेच परिणाम.

दुसरी गोष्ट, यकृत अधिक साखर तयार करून रक्तात सोडते, आणि स्वादुपिंडातून येणाऱ्या इन्सुलिनचे स्नायू पूर्वीसारखे ऐकत नाहीत. त्यामुळे मधुमेह नसलेल्याचीही साखर चढू शकते. ज्याला आधीच मधुमेह आहे, त्याची तर चढतेच.

तिसरी गोष्ट, चरबी हातापायांवरून सरकून पोट, चेहरा व मान येथे साठते, आणि मांड्यांचे व खांद्यांचे स्नायू झिजतात. काट्यावर वजन वाढलेले दिसते, पण शक्ती कमी झालेली असते.

चौथी गोष्ट, अंगात मीठ व पाणी धरून राहते, आणि हाडांतील चुना हळूहळू कमी होतो.

येथे आमची एक चूक सांगण्यासारखी आहे. मी पहाटे उपाशीपोटी साखर तपासून घेत असे. ती १०४ येई, म्हणून आम्ही निश्चिंत होतो. डॉक्टरांनी दुपारच्या जेवणानंतर दोन तासांनी तपासावयास सांगितले, तो ती २६० निघाली! सकाळी घेतलेल्या गोळीचा साखरेवरील जोर दुपारपासून संध्याकाळपर्यंत असतो व पहाटेस तो उतरलेला असतो. केवळ सकाळचा भाव पाहून दिवसभराचा सौदा करणारा व्यापारी जसा फसतो, तसे आम्ही फसलो होतो. यास्तव हे औषध चालू असलेल्यांनी दुपारची साखर तपासण्याविषयी डॉक्टरांस अवश्य विचारावे.

न्याहारीचा जमाखर्च

आता न्याहारीकडे वळू. ही गोळी सकाळी, पोटात काही घालूनच घ्यावयाची असते. घरातील मंडळींस वाटे, औषध जहाल आहे, तेव्हा अंगात ताकद हवी. म्हणून आमच्या सौभाग्यवती रोज बदाम घातलेला साजूक तुपातील शिरा करीत. तो नसेल त्या दिवशी पोहे, नाहीतर पोदेराने दारी आणलेले पाव व पातळ भाजी. पेडणे-डिचोलीकडे सकाळी उकड्या तांदळाची पेज, आंबोळी, तांदळाचे घावन, शिरवळ्या हेही नित्याचे पदार्थ. दिवाळीस तर पोह्यांचे पाच-सात प्रकार. सारे रुचकर, परंतु सारे एकाच गोणीतले. त्यांत पिष्ट भरपूर आणि प्रथिने थोडी. पिष्ट म्हणजे धान्यातील तो भाग, जो पचल्यावर साखरच होतो.

आहारतज्ज्ञ बाईंनी मला विचारले, "आपण धान्याचे व्यापारी ना? मग आपल्या मालात काय असते ते सांगा पाहू." मी निरुत्तर झालो! पोत्यावरून हात फिरवून तांदळाची जात सांगणाऱ्या मला, त्या दाण्यात काय आहे हे ठाऊक नव्हते. त्यांनी लिहून दिलेला हिशेब सर्वांच्या माहितीसाठी देतो. आकडे दर १०० ग्रॅम कच्च्या मालाचे असून स्थूलमानाचे आहेत.

तांदूळ : पिष्ट ७८ ग्रॅम, प्रथिने ७ ते ८ ग्रॅम.
पोहे : पिष्ट ७७, प्रथिने ७.
गव्हाचा रवा : पिष्ट ७०, प्रथिने १० ते ११.
साबुदाणा : पिष्ट ८७, प्रथिने नाममात्र.
मुगाची डाळ : पिष्ट ५३, प्रथिने २४.
चण्याची डाळ : पिष्ट ४७, प्रथिने २१ ते २२.
चवळी, अर्थात आपले अळसांदे : पिष्ट ५४, प्रथिने २१.
भुईमुगाचे दाणे : पिष्ट २० च्या आत, प्रथिने २४ ते २५.

आता ताटातील हिशेब पाहावा. ७५ ग्रॅम पोह्यांच्या एका बशीत सुमारे ५८ ग्रॅम पिष्ट व जेमतेम ५ ग्रॅम प्रथिने. ६० ग्रॅम रवा व ५० ग्रॅम साखर यांच्या शिऱ्यात पिष्ट व साखर मिळून ९० ग्रॅमच्या वर! उलट ५० ग्रॅम मुगाच्या डाळीच्या घावनांत पिष्ट २६ ग्रॅम व प्रथिने १२ ग्रॅम. त्यात ४० ग्रॅम पनीर घातले की प्रथिने १९ ग्रॅमवर जातात. डाळीतील पिष्ट सावकाश पचते, त्यामुळे साखर एकदम उसळत नाही. प्रथिनांनी पोट भरल्यासारखे वाटते, आणि झिजणाऱ्या स्नायूंस आधार मिळतो.

माझ्या न्याहारीस बाईंनी घालून दिलेले माप असे : पिष्ट २० ते ३० ग्रॅम आणि प्रथिने १५ ते २० ग्रॅम. प्रत्येकाचे माप वय, वजन व आजार यांप्रमाणे निराळे असेल, परंतु दिशा हीच. धान्य हे काही विष नव्हे. ज्याच्यावर आमची पिढ्यान् पिढ्या उपजीविका चालली, त्या तांदळाची निंदा मी करणार नाही. सांगावयाचे इतकेच की औषध चालू असेतोवर तांदळाचे माप लहान व कडधान्याचे माप मोठे करावे. आणि हा दुसरा माल आपल्याच दुकानात पहिल्यापासून पडून आहे.

आमच्या घरच्या न्याहाऱ्या

अंडी खा, मासे खा, असा उपदेश या बाबतीत पुष्कळदा होतो. आपणांस तो निरुपयोगी. कांदा, लसूण, बटाटा व इतर कंदमुळेही आपल्या स्वयंपाकात नाहीत. तरीही काही अडत नाही, असा आमचा अनुभव आहे. सूनबाईंनी बसविलेले पदार्थ देतो.

१. मुगाच्या डाळीचे घावन : एका माणसास ५० ग्रॅम डाळ तीन-चार तास भिजवून, हिरवी मिरची, जिरे व हिंग घालून वाटावी. पाणी बेताचे ठेवावे. तव्यावर चमचाभर तेल सोडून पातळ घावन काढावेत. आत कुस्करलेले पनीर व कोथिंबीर भरावी. आल्याऐवजी चिमूटभर सुंठ चालते. सोबत ओल्या खोबऱ्याची चटणी दोन चमचे.

२. अळसांद्यांची उसळ : भाताचे पीक निघाल्यावर आमच्या पेडणे, बार्देश भागातील शेतांत अळसांदे पेरतात. टपोरे, मऊ शिजणारे हे कडधान्य बाहेरच्या चवळीपेक्षा चवीस सरस. रात्री भिजवून सकाळी शिजवावे, खोबरे, धणे व मिरची यांचे वाटण लावावे, वर कोकम. वाटीभर उसळ तशीच चमच्याने खावी. पावाची सवय सुटत नसेल, तर अर्धा पाव घ्यावा. त्या दिवशी उसळ थोडी कमी. मोड आलेली कडधान्ये जे वर्ज्य मानतात, त्यांस केवळ भिजविलेल्या दाण्यांची उसळ उत्तम.

३. कुळथाची पिठी : भाजलेल्या कुळथाचे पीठ पाण्यात कालवून, हिंग-जिऱ्याच्या फोडणीत कोकम व मिरची घालून उकळावे. पेजेशी पिठी खाण्याची आपल्याकडे पद्धत आहे. मी प्रमाण उलटे केले : पिठी वाटीभर, आणि पेजेतील शिते दोन चमचे. पावसाळ्यात याच्यासारखे सुख नाही. पिठीत प्रथिने थोडीच असतात, म्हणून तिच्याबरोबर पनीर किंवा मूठभर दाणे घ्यावेत.

४. बेसनाचे धिरडे : चण्याच्या पिठात किसलेला दुधी किंवा बारीक चिरलेली मेथी घालावी. ढोकळा करावयाचा तर त्यात साखर घालू नये, आणि सोडा अगदी थोडा. सोड्यातही मिठाचाच अंश असतो.

५. परतलेले पनीर : ढबू मिरची व टोमॅटो यांच्याबरोबर पाच मिनिटांत होते. सकाळी लवकर वखार उघडणाऱ्यांस सोयीचे.

६. तिथीच्या दिवशी : अष्टमी-चतुर्दशीस हिरवी भाजी नसते. त्या दिवशी मुगाचे दाट वरण वाटीभर, मूठभर भाजलेले भुईमुगाचे दाणे व बिनसाखरेचे दूध. वरणात तिळाचे कूट चमचाभर घातल्यास हाडांस चुना मिळतो.

७. नाचणीची आंबील : नाचणी साखरेच्या रुग्णास कितीही चालते, असा समज आहे. तो खरा नव्हे. तिच्यातही पिष्ट ७० टक्क्यांच्या आसपास असते. मात्र तिच्यात चुना पुष्कळ असतो, म्हणून ती सोडूही नये. २० ग्रॅम पिठाची पातळ आंबील, गुळाशिवाय, ताकात घोळून आठवड्यातून दोनदा घेतो.

डाळीच्या पदार्थांशी कच्चे दही-ताक जे घेत नाहीत, त्यांनी दही निराळ्या वेळी घ्यावे किंवा ताक आधी ऊन करून वापरावे. पापड, लोणचे, फरसाण हे मिठाचे साठे. त्यांचा मोह आवरावा. गूळ, काकवी यांस साखरेपासून निराळे समजू नये. ज्येष्ठमधाचा काढा घशास चांगला खरा, परंतु या औषधाबरोबर तो वारंवार घेऊ नये. रक्तदाब चढतो व अंगातील पोटॅशियम हा क्षार कमी होतो.

न्याहारी सुधारून दुपारी ताटभर भात खाल्ला, तर केलेले सारे व्यर्थ. साखरेचा जोर दुपारीच असल्याने भात निम्मा, वरण व भाजी दुप्पट, असे मी ठेविले आहे. जेवणानंतर गादीवर आडवे न होता वीस मिनिटे चालतो, आणि मांड्यांसाठी खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठतो-बसतो.

नवकारशी, उपवास आणि एक मोठी चूक

आता या लेखातील सर्वांत महत्त्वाची गोष्ट सांगतो. ती सांगताना मला लाज वाटते. परंतु ती लपविली तर हा लेख लिहून काय उपयोग?

दुसऱ्या वर्षी पर्युषण आले, तेव्हा माझी गोळी १५ मिलिग्रॅमवर उतरली होती. प्रकृती बरी वाटत होती. लहानपणापासून न चुकलेला तीन दिवसांचा उपवास याही वर्षी करावा, असे मी ठरविले. उपवासात गोळी कशी घ्यावयाची? म्हणून कोणासही न विचारता ती बंद केली. सौभाग्यवती म्हणाल्या, "अहो, डॉक्टरांना एक फोन तरी करा." मी म्हणालो, "तीन दिवसांनी काय होणार आहे?" तिसऱ्या दिवशी पहाटे उलट्या सुरू झाल्या, डोळ्यांपुढे अंधारी आली, आणि मी न्हाणीघराच्या दाराशी कोसळलो. रुग्णालयात नेले तेव्हा रक्तदाब फार खाली गेला होता. शिरेतून सलाइन व हायड्रोकॉर्टिसोनचे इंजेक्शन दिल्यावर काही तासांत शुद्धीवर आलो.

कारण सोपे आहे. बाहेरून आयता माल येत राहिला की मूत्रपिंडाच्या माथ्यावरील ग्रंथी आपला कारखाना बंद ठेवते. तीन आठवड्यांहून अधिक काळ गोळ्या घेतल्यास असे होऊ शकते. गोळी एकाएकी थांबविली की बाहेरचाही माल नाही व घरचाही नाही. देह दिवाळखोर होतो, आणि प्राणावर बेतते. म्हणून हे औषध पायरीपायरीनेच उतरवावे लागते, म्हणजे बंद पडलेला कारखाना हळूहळू पुन्हा चालू होतो. ताप, जुलाब, उलट्या, शस्त्रक्रिया अशा प्रसंगी तर गोळी वाढवावी लागते. उलटीने गोळी पोटात राहत नसेल, तर तत्काळ डॉक्टरांकडे जावे. आपण स्टेरॉइड घेत आहो, अशी चिठ्ठी खिशात असावी. माझ्या पाकिटात ती आता कायम असते.

नियमधर्माचे काय, असे विचारतील. सूर्योदयानंतर ४८ मिनिटांनी नवकारशी सुटते. त्यानंतर न्याहारी व गोळी घेण्यास माझ्या डॉक्टरांची काहीच हरकत नव्हती. ही गोळी सकाळची असल्याने सूर्यास्तापूर्वी जेवण्याच्या नियमाशीही तिचा विरोध नाही. मात्र जे इन्सुलिन अथवा साखर उतरविणाऱ्या गोळ्या घेतात, त्यांनी सावध राहावे. संध्याकाळचे जेवण लवकर, रात्रभर पोट रिकामे, पहाटे स्टेरॉइडचा जोर ओसरलेला, अशा वेळी साखर एकदम खाली जाऊ शकते. न्याहारीतील पिष्ट कमी करण्यापूर्वीही त्यांनी औषधाचे माप डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे. लघवीवाटे साखर बाहेर टाकणाऱ्या नव्या गोळ्या ज्यांस चालू आहेत, त्यांनी उपवास किंवा पिष्ट अगदीच बंद करणे हे स्वतःच्या मनाने कदापि करू नये. ज्यांची मूत्रपिंडे अधू आहेत, त्यांनी प्रथिने वाढविण्यापूर्वी विचारावे.

माझ्या त्या प्रसंगानंतर मी गुरुमहाराजांस सर्व वृत्तान्त निवेदन केला. ते म्हणाले, "आजारी माणसाने औषध सोडावे असे तुम्हांस कोणी सांगितले?" आता पर्युषणात मी उपवास करीत नाही, न्याहारीस दोनच पदार्थ घेतो व गोडाचा त्याग करतो. तेवढे तप माझ्या देहास पेलते.

आणखी एक इशारा. सांधेदुखी किंवा दमा चार दिवसांत बरा करतो असे सांगून काही लोक नावगाव नसलेल्या पुड्या देतात. त्यांत पुष्कळदा स्टेरॉइडच मिसळलेले आढळते. अशा पुडीने भूक वाढली, चेहरा वाटोळा झाला, तर ती पुडी घेऊन डॉक्टरांकडे जावे. ती एकदम बंद करणेही धोक्याचे असते.

फलश्रुती

न्याहारी बदलल्यावर आठ-नऊ महिन्यांत माझे वजन ७५ वरून ७० किलोवर आले. दुपारची साखर १६० च्या आसपास राहू लागली. याच काळात गोळीही कमी होत गेली. त्यामुळे श्रेय न्याहारीचे किती व गोळी उतरल्याचे किती, हे तागडीत घालून सांगता येणार नाही. पूर्वीचे ६६ किलो अजून आलेले नाहीत. चेहऱ्याचा वाटोळेपणा तर आहारापेक्षा गोळीच्या मापाबरोबरच उतरतो, तेव्हा त्यासाठी स्वतःस दोष देऊ नये. मी दर सोमवारी सकाळी त्याच काट्यावर वजन करून वहीत लिहितो. दोन-तीन दिवसांत किलो-दोन किलो वाढले व पाय सुजले, तर ती चरबी नसून पाणी होय; त्यास उपाय न्याहारी नव्हे, डॉक्टर.

घरातील भगिनींस एक विनंती आहे. आजारी माणसास गोडाधोडाचे खाऊ घालणे ही आपल्याकडील प्रेमाची रीत आहे. परंतु या औषधात ते प्रेम देहावर कर्जासारखे चढत जाते. माझ्या सौभाग्यवतींनी शिऱ्याची कढई माळ्यावर ठेवून दिली, त्या दिवशी त्यांस वाईट वाटले होते. आज त्याच मुगाचे घावन इतके हलके काढतात की, नातवंडेही माझ्या ताटातले उचलून खातात.

तात्पर्य, औषध डॉक्टरांच्या हातचे. ते त्यांच्या सांगण्यावाचून कमी-अधिक करू नये. न्याहारी मात्र आपल्या हातची. ती मापून घेण्यास आपण व्यापारी लोकांनी तरी कच खाऊ नये. आयुष्यभर दुसऱ्यांस अचूक तोलून दिले. तेवढीच काळजी स्वतःच्या ताटाची घेतली, तर पुष्कळ काही साधेल. सर्व सभासदांस व त्यांच्या कुटुंबीयांस आरोग्य लाभो, हीच प्रार्थना.